चार तारांचा बोर्ड

देवमनने पेचकस घालून दिव्याच्या जुन्या बोर्डाची मागची फळी उचकटली, तेव्हा आत सिगारेटचा चपटा डबा निघाला. झाकणाच्या जागी कागदासारखा पातळ पत्रा ताणून बसवलेला होता. पत्र्यामागे टॉर्चच्या जुन्या सेलमधून काढलेल्या कार्बनच्या कांड्या एकमेकींवर सैल टेकवल्या होत्या.

अकोल्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या ढिगातून त्याने तो बोर्ड उचलला होता, चिनी मातीचं बटण कामी येईल म्हणून. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. असलं काहीबाही लागत असे. एका दिव्याच्या बोर्डाला दोन तारा पुरतात. याला चार होत्या.

"बाबा, संध्याकाळी मास्तर येऊन राहिले," वच्छला, त्याची मुलगी, दारातून म्हणाली. "हा पसारा उचला."

"उचलतो."

"काय हाय ते?"

"तेच पाहून राहिलो."

त्याने बोर्ड मधल्या खोलीतल्या टेबलावर ठेवला, जास्तीच्या दोन तारांना लांब वायर जोडून ती बाहेर दुकानात आणली, दोन सेल लावले आणि हेडफोन कानाला लावला. आधी नुसती खरखर आली. मग वच्छलाचा आवाज, अगदी शेजारी बसल्यासारखा.

"आई, लगन विहारातच करू न? भगवंत म्हनत होते, मोठा मांडव नाई पायजे."

"आतापासूनच भगवंत म्हनत होते काय?" चतुराबाई हसली. "मंग बापाले काहून इचारतं? त्याइलेच इचार."

देवमनने हेडफोन काढला. भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. परत लावला, दोघी हसत होत्या. बोर्डात कान होता.

बोर्ड उन्हात नेऊन त्याने पुसला. खालच्या कडेला काळ्या डागांची ओळ उमटली. विडी विझवल्याचे डाग. ते त्याने ओळखले. गिरणी कामगारांच्या युनियनच्या खोलीत त्याचा सोबती बुधाजी याच कडेवर विडी विझवायचा आणि देवमन त्याला दर वेळी टोकायचा. रस्ता रुंद करताना ती खोली पाडली गेली, तिचं सामान भंगारात गेलं.

पंचावन्न सालचा गिरणीचा संप त्या खोलीत ठरला आणि त्याच खोलीत मोडला. रात्री झालेला निर्णय सकाळी गेटवर आधीच पोचलेला असे. बोर्ड होता ती खोलीची मागची भिंत गिरणीच्या गोदामाला लागून होती. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी डोमाजी उभे राहिले. ते गिरणीत वायरमन. देवमनला विजेचं काम त्यांनीच शिकवलं, म्हणून तो त्यांना मास्तर म्हणे. खोलीत दिवा आणि त्याचा हा बोर्डही त्यांनीच बसवून दिला होता. बोलणाऱ्याला ते नेहमी म्हणत, "असा उजेडात ये, मंग बोल." त्या दिवशी त्यांनी फितूर म्हणून बुधाजीचं नाव घेतलं.

"मी नाई," एवढंच बुधाजी म्हणाला होता.

त्यानंतर त्याच्या विडीला कोणी आग दिली नाही. त्याची आई गेली तेव्हा खांदा द्यायला वस्तीतलं कोणी आलं नाही. देवमन घरातच होता, दार लावून. बुधाजी मूर्तिजापूरला निघून गेला तो परतला नाही.

बोर्ड मास्तरांनी बसवला खरा, पण डबा मागून कोणीही घातला असेल. गिरणीत वायरमन का कमी होते? दिवसभर देवमन स्वतःला हेच सांगत राहिला. भगवंत डोमाजींचा मुलगा. मुलगा चांगला होता, आणि वच्छलाच्या मनात होता. संध्याकाळी त्याने सेल काढले, मागची फळी पूर्वीसारखी बसवली आणि बोर्ड मधल्या खोलीतल्या टेबलावर तसाच राहू दिला.

डोमाजी आले ते गल्लीतूनच बोलत आले.

"काय इवाई, पाहुना दारात उभा अन् तुमचा पत्ताच नाई! पोरगी देता का इचार बदलला?"

"या, मास्तर. बसा."

"बसतोच. तारीख घेतल्याशिवाय उठनार नाई आज. आमची मैनाबाई म्हने, रिकाम्या हातानं आले तं जेवाले नाई मिळनार..."

खुर्ची ओढता ओढता त्यांची नजर टेबलावर गेली. खुर्ची अर्ध्यात थांबली.

"हे कोठचं?" डोमाजींनी विचारलं. ऐकायला देवमनला पुढे वाकावं लागलं.

"बाजारातून आनलं. काय असन, मास्तर?"

"जुना बोर्ड दिसते. फेकून दे." त्यांचे ओठ जेमतेम हलले. खुर्ची त्यांनी दाराकडे सरकवली आणि बसले. तारखेचं त्यांनी दोन बोटं वर करून खुणेनेच विचारलं: पुढच्या महिन्यात दोन तारखेला?

देवमन त्या बोटांकडे बघत राहिला. बोर्ड बंद होता. नुसतं बटण आणि लाकूड दिसत होतं.

"हळू काहून बोलून राहिले, मास्तर?"

  डोमाजींची बोटं हळूच खाली आली.

"अवो, काय ठरलं?" आतून चतुराबाईने विचारलं. "तुमचं काहीच आयकू येऊन नाई राहिलं. वच्छला चहा घेऊन येते."

"तिले नको पाठवू," देवमन मोठ्याने म्हणाला.

"काहून?"

 डोमाजी टोपी हातात घेऊन उठले. त्यांनी कारण विचारलं नाही.