दोन ठोके

कोर्टाच्या आवारात गाड्यांच्या स्टेजचा, म्हणजे थांब्याचा, चेअरमन ओटिएंदे वासोंगाची वाटच बघत उभा होता. त्याने वासोंगाला दंडाला धरून भिंतीकडे नेलं.

"अवुओरचे बाबा, एवढंच सांगायचं. ओलुओचने पत्र्यावर ठोके दिले, तुम्ही गाडी हलवली, बाईचा स्कर्ट दारात अडकून फाटला. संपलं."

"ठोके दिले नव्हते त्याने."

"तुम्हाला हल्ली हाक मारली तरी ऐकू येत नाही, आणि ठोके नव्हते हे बरं ऐकू आलं!" ओटिएंदे हसला, मग हसू आवरून म्हणाला, "पूर्वी असल्या गोष्टीला दंड भरला की माणूस घरी. आता तसं नाही. चारचौघांत बाईचे कपडे फाडले हे सिद्ध झालं, तर तो म्हातारा होऊनच बाहेर येईल. बायको-पोरं आहेत त्याला."

वासोंगा दाराकडे वळला.

"तुमची बायको टपावर कोणी बांधली होती, ते तरी आठवतंय ना?"

ते कसं विसरेल? त्याची बायको अदोयो शहरात वारली. तिला गावी नेऊन घराशेजारी पुरायचं होतं. शवपेटी त्यांच्याच प्रवासी गाडीच्या, मटाटूच्या, टपावर बांधली. दोरी सैल होईल म्हणून ओलुओच सबंध वाट मागच्या शिडीवर उभा राहिला, पेटीवर एक हात ठेवून. गावात खड्डा खणायलाही तोच पुढे. वासोंगाच्या घशाखाली घास उतरेना, तेव्हा माशाचा रस्सा समोर धरून म्हणाला होता, "उस्ताद, तुम्ही पडलात तर गाडी कोण हाकणार?"

वासोंगा ड्रायव्हर, ओलुओच कंडक्टर; नऊ वर्षं दोघं एका गाडीवर होते. ओलुओचने पत्र्यावर दोन ठोके मारले की वासोंगा मागे न बघता गाडी सोडायचा.

आत पंखा फिरत होता. फिर्यादी नाफुला पुढच्या बाकावर बसली होती. कापडाच्या दुकानात कामाला असलेली ही बाई त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांच्या स्टेजवर आली होती. ओलुओचने तिची पिशवी हिसकून गाडीत टाकली. सगळेच कंडक्टर टाकतात. पिशवीमागे माणूस येतोच. ती आली नाही. "मला दुसऱ्या गाडीने जायचंय," म्हणाली. आजूबाजूचे हसले, आणि ते हसणं ओलुओचला झोंबलं.

आरोपीच्या पिंजऱ्यातून ओलुओचने वासोंगाकडे बघून मान हलवली. घरातल्या माणसाकडे बघून हलवावी तशी.

न्यायाधीश बाईंनी चष्मा वर केला. "आरोपी म्हणतो, त्याने इशारा दिला आणि तुम्ही गाडी सोडली. बरोबर?"

हो म्हटलं की झालं. फार तर त्याचं लायसन गेलं असतं. लायसनचं त्याला आता काय?

"साक्षीदार, इशारा कसा देतात?"

"पत्र्यावर हाताने दोन ठोके मारतात, बाईसाहेब."

"त्या सकाळी ठोके पडले?"

मागच्या बाकांवर स्टेजची माणसं दाटीने बसली होती.

"नाही."

"किती पैसे खाल्लेस रे आज!" मागून ओटिएंदे ओरडला. शिपायाने त्याला बाहेर काढलं. ओलुओचने गजांवरचे हात सोडले आणि खाली बसला. वासोंगाला त्याच्याकडे बघवेना.

"म्हणजे गाडी हललीच नाही?"

"नाही."

"बाई ओरडत होत्या. तुम्हाला ऐकू आलं?"

"आलं. आरशात दिसतही होतं. ओलुओच होता, अजून दोघे होते. तिचे कपडे ओढत होते."

"किती वेळ?"

"बराच वेळ, बाईसाहेब."

न्यायाधीश बाईंचं पेन थांबलं. "तुम्ही खाली उतरलात?"

"नाही."

"मग काय करत होतात?"

नाफुलाने मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच ती त्याच्याकडे बघत होती.

"ठोक्यांची वाट बघत होतो," वासोंगा म्हणाला.

ऐकू आलं नाही, मोठ्याने सांगा, असं न्यायाधीश बाई म्हणाल्या. त्याने पुन्हा सांगितलं.