वेंडेल क्रॅट्झचे तळपाय

"माणूस आणि पृथ्वी यांच्या मधे जे जे येतं ना, ते शेवटी माणसाच्या जिवावर उठतं," असे वेंडेल क्रॅट्झ बॉनी फेअरचाइल्डच्या अंगणात उभा राहून म्हणाला, आणि भोवती अनवाणी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

वेंडेलचा उभा जन्म वाळवंटातल्या टूसॉन शहरात घरोघरी कार्पेट बसवण्यात गेला होता. माणूस आणि पृथ्वी यांच्या मधे जे जे आले, त्यातले बरेचसे त्यानेच आणून, कापून, कोपऱ्यात गुडघ्याने रेटून बसवले होते. याची त्याला पूर्ण जाणीव होती, आणि खरी अडचण तीच होती. पाप केलेल्या माणसाला धर्म फार लवकर पटतो.

धर्म बॉनीने आणला होता. पूर्वी ती घरे विकायची. नवरा गेल्यावर तिला जमिनीचा शोध लागला. रोज सकाळी अनवाणी जमिनीवर उभे राहिले की शरीरात साचलेली नको ती वीज खाली उतरते, सूज ओसरते, रक्त वाहते राहते, झोप लागते, असे ती सांगायची. एवढ्यावर भागत नसेल, तर झोपताना अंथरायला, वायरने जमिनीला जोडलेल्या चादरीही तिच्याकडे विकायला होत्या. आमच्या वस्तीतल्या निवृत्तांना सकाळी दुसरा उद्योग नव्हता, आणि तिच्याकडची कॉफी चांगली असे.

वेंडेलला साखरेचा आजार होता. कित्येक वर्षे त्याच्या तळपायांची आग होत असे, निखाऱ्यावर चालल्यासारखी. ओला टॉवेल गुंडाळून तो खुर्चीत बसून राही आणि बायकोवर, अर्लीनवर, खेकसत राही. हिवाळ्यात तो बॉनीच्या अंगणात जाऊ लागला. वसंत येईपर्यंत आग थांबली. पार थांबली. तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून तो रडला होता. लग्नानंतर त्याला रडताना अर्लीनने पहिल्यांदाच पाहिले. त्यानंतर त्याने बूट दान करून टाकले आणि स्वतःच्या घरातले कार्पेट उपटून अंगणात आणून टाकले. खाली पांढरी फरशी निघाली.

अर्लीनला खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण ती शाळेची बस चालवून निवृत्त झाली होती. मागे पोरे आरडाओरडा करताहेत तोवर सगळे ठीक असते, आणि मागे एकदम शांत झाले की गाडी कडेला घ्यायची, एवढे एक शहाणपण त्या नोकरीने तिला दिले होते.

एका दुपारी ती बाजारातून आली, तर फरशीवर लाल ठिपके. मागच्या दारापासून फ्रिजपर्यंत, सारख्या अंतरावर. तिला वाटले, टोमॅटोच्या सालसाची बाटली गळली असेल. ठिपक्यांच्या मागे जात ती बैठकीत पोचली. तिथे वेंडेल टीव्हीवर बेसबॉल बघत बसला होता. उजव्या तळव्यात चोय्या निवडुंगाचा काटा जवळजवळ बुडापर्यंत घुसला होता.

"दुखत नाही तुला?" तिने विचारले.

"काय?"

तिने बोट दाखवले. त्याने पाय वळवून पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "बघ! हेच तर मी सांगतोय तुला."

दुसऱ्या दिवशी तो काटा त्याने बॉनीकडे नेऊन सगळ्यांना दाखवला. टाळ्या वाजल्या म्हणतात.

अर्लीनने त्याला डॉक्टरकडे नेले, तेही टायर बदलायचे सांगून. डॉक्टर फाम ही ठेंगणी, कमी बोलणारी बाई होती. तिने एक नायलॉनचा बारीक तंतू काढला आणि त्याला डोळे मिटायला सांगितले. तंतू टेकला की हो म्हणायचे. तिने तो अंगठ्याला टेकवला, टाचेला टेकवला, मधे टेकवला, दुसऱ्या पायालाही टेकवला. खोलीत फक्त एसी ऐकू येत होता. वेंडेल डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने, देवळात बसल्यासारखा बसला होता.

"करा सुरू," तो म्हणाला. "मी तयार आहे."

डॉक्टरने अर्लीनकडे पाहिले. मग तिने त्याला सांगितले की पायाची आग बरी झालेली नाही, आग कळवणाऱ्या नसा मेल्या आहेत. आता बूट कधीच काढायचे नाहीत, आणि रोज रात्री आरसा धरून तळवे तपासायचे.

"डॉक्टर, तुम्ही शिकलेल्या आहात," वेंडेल समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण चाळीस वर्षं मी बूट घातले, तेव्हा दुखत होतं. काढले, थांबलं. आता यात माझं काय चुकलं ते सांगा."

परतताना गाडी घराजवळ आल्यावर तो म्हणाला, "तुला मी खुरडत होतो तेच बरं वाटत होतं का गं?" दुसऱ्याच दिवशी अर्लीनने बुटांचे दोन जोड आणले, चपला आणल्या, लोकरी मोजे आणले. रोज ती ते दारात मांडून ठेवी आणि रोज तो ते ओलांडून बाहेर जाई. एकदा तिने दाराला कुलूप लावले, तर तो खिडकीतून गेला. सत्तरी उलटलेला माणूस, पण आनंदात होता.

जूनमध्ये आमच्याकडे कुत्र्यांनासुद्धा बूट घालतात. बॉनीची मंडळी तेव्हा उजाडतानाच जमून ऊन चढायच्या आत पळत. पण त्या दिवशी बॉनीने मुलाखतीसाठी स्थानिक वाहिनीचा एक माणूस बोलावला होता आणि तो भर दुपारी उगवला. फाटकाशी उन्हाने तापलेली खडी होती. कॅमेरा लागेपर्यंत एकेक जण पाय उचलत, नाचत, सावलीत सटकला. वेंडेल खडीवरच उभा राहिला. त्याने कार्पेटचे सगळे सांगितले, पापासकट. बराच वेळ बोलला.

"हा खरा," बॉनी सावलीतून म्हणाली. "बघा, जमिनीने कसा धरलाय त्याला."

रात्री आंघोळीनंतर तळव्याची साल टॉवेलला चिकटून आली. दुखत मात्र काहीच नव्हते.

डावा पाय वाचला. उजवा आधी लाल झाला, मग जांभळा, मग त्याला वास येऊ लागला, आणि शेवटी गुडघ्याखाली कापावा लागला. बॉनी भेटायला आली तेव्हा तिच्या पायात जाड तळाचे नवे बूट होते. ती खूप रडली, मनापासून रडली, आणि जाताना म्हणाली की वेंडेलने चादर वापरली असती तर गोष्ट इथवर आली नसती.

वेंडेल तीन दिवस छताकडे पाहत राहिला. मग त्याने अर्लीनला जवळ बोलावले. आवाज अगदी हळू होता.

"पाय त्यांच्याकडेच असेल ना अजून?"

"असेल की."

"आपल्या अंगणात पुरू या. पेटीबिटी नको, कापड नको. मातीतच. माझं एवढं तरी थेट जमिनीला लागू दे."

त्याला शिव्या द्यायच्या म्हणून अर्लीनने गेल्या काही महिन्यांत बरेच काही साठवून ठेवले होते. त्यातले काहीच तिच्या तोंडून बाहेर पडले नाही. "बरं," ती म्हणाली.

आमची जमीन खणण्यासारखी नाही. वीतभर मातीखाली पांढरा, सिमेंटसारखा कठीण थर लागतो. अर्लीनने शेजाऱ्याची पहार मागून आणली आणि उजाडल्यापासून ती पालोवर्देच्या झाडाखाली घाव घालत राहिली. शेजारी मदतीला आला, त्याला तिने परत पाठवले. हाताला फोड आले, ते फुटले, फार दुखले. ऊन डोक्यावर येईस्तोवर गुडघाभर खोल, पाय आडवा मावेल एवढा खड्डा झाला. तिने कडा साफ केल्या, तळातले खडे हाताने वेचून काढले, आणि पायरीवर बसून, पाय न्यायला कधी येऊ हे विचारायला इस्पितळात फोन लावला.

फोनवरची बाई फार अदबीने बोलली. तसे हवे असेल तर ऑपरेशनच्या आधी सांगावे लागते, ती म्हणाली. पाय मंगळवारीच भट्टीत जाळून झाला होता.