अर्ध्या सेंटीमीटरची चूक

मी फूटपट्टी बोलतेय. लाकडाची, तीस सेंटीमीटरची. म्हणजे अंगावर तसं छापलंय. खरी किती, ते पुढे सांगते. मधेच टोकू नका, मला सवय नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट चौथीच्या बाईंच्या टेबलावर येऊन पडले. सव्वीस वर्षं त्याच वर्गात काढली. एकाही परीक्षेला बसले नाही, तरी सगळे धडे मला पाठ. कोणी शिकवलं? कोणी नाही. पडल्या पडल्या ऐकलं आणि शिकले.

माझं काम मोजायचं. पण बाई मला उभी धरून शून्याच्या टोकाने टेबल बडवायच्या. "शांत बसा!" ठक ठक ठक. सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच. पोरांच्या हातांवरही पडले मी, खोटं कशाला बोलू? मला त्याची लाज वाटते. बाईंना वाटत असेल तर त्या कधी बोलल्या नाहीत. बडवून बडवून माझं टोक झिजलं, चांगलं अर्धा सेंटीमीटर. कोणाला पत्ता नाही. शाळेत सगळ्यांना मोजतात. मोजणाऱ्याला कोण मोजतंय?

मग वर्गात ढिम्मी आली. हे नाव बाईंनी ठेवलं. आईने ठेवलेलं हजेरीपुरतं उरलं. पोरगी चुणचुणीत. धडा एकदा ऐकला की बारकाव्यांसकट सांगेल. पण तोंडी तिला कोणी विचारायचंच नाही. वाचायला उभी केली, की पहिल्या ओळीतून तिसरीत जायची, तिथून पुन्हा वर.

"बाई, ओळी एकमेकींत घुसतात."

"अस्सं? आणि माझ्या पुस्तकातल्या बऱ्या गप बसतात?"

वर्ग खो खो हसला.

त्याच वर्षी बाई दोन दिवस प्रशिक्षणाला जाऊन आल्या. विषय होता डिस्लेक्सिया. हुशार मुलांनाही वाचणं जड का जातं, त्यांना कसं शिकवायचं, वगैरे. प्रमाणपत्र मिळालं. बाईंनी ते चौकट करून वर्गातल्या भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी ढिम्मीला त्याच चौकटीखाली तासभर उभं केलं. का, तर वाचता येत नाही म्हणून!

वार्षिक परीक्षेच्या आधी मुख्याध्यापकांनी निरोप धाडला: भाषेत काही आशा नाही, गणितात पास झाली तर पाचवीत, नाहीतर पुन्हा चौथीतच. पोरीने रोज आईच्या शिवणाच्या टेबलाखाली बसून गणितं सोडवली.

गणिताच्या पेपरात एक रेघ मोजायची होती. प्रत्येकाची पट्टी वेगळी, घोळ नको, म्हणून एकेकाने टेबलाशी येऊन माझ्याच अंगाने मोजायची. पस्तीस पोरांनी साडेआठ लिहिलं. ढिम्मीने माझ्या टोकावरून अंगठा फिरवला, जरा थांबली, आणि लिहिलं आठ. बाईंकडचं उत्तर साडेआठ. त्यांनीही माझ्यानेच मोजलेलं ना! दोन गुण गेले. पोरगी नापास झाली, ती बरोबर दोन गुणांनी.

मुख्याध्यापकांनी आईला आमच्या वर्गात बोलावलं. ती आली कपड्यांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेली, गळ्यातला टेप तसाच.

"अख्ख्या वर्गाचं साडेआठ, हिचं एकटीचं आठ," बाई म्हणाल्या. "साधी पट्टी धरता येत नाही हो हिला."

"का गं, आठ कसे?" आईने विचारलं.

"पट्टीचं टोक झिजलंय. तू झिजलेल्या टेपने मोजतेस तसं केलं. एकापासून धरलं आणि शेवटी एक वजा केला."

आईने गळ्यातला टेप काढून पेपरावर धरला. आठ. मुख्याध्यापकांनी स्वतः धरला. आठ. चष्मा पुसून पुन्हा धरला.

"तुमचा टेपच चुकीचा असेल."

"सर, याच टेपने मापं घेऊन शिवलेला कोट अंगात घालून बसलायत तुम्ही. कुठे घट्ट होतोय का?"

सरांनी कोटाचं बटण चाचपलं आणि लाल पेन उचललं. दोन गुण वाढले, पोरगी पाचवीत गेली. मात्र बाकीच्यांचा निकाल लागून गेलेला, तो बदलायचा नाही असं ठरलं. म्हणजे त्या वर्षी आमच्या शाळेत आठही बरोबर आणि साडेआठही. चूक कोण? तर मी! बाईंनी मला कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. सव्वीस वर्षांचा निरोपसमारंभ तो एवढाच.

"बाई, मी घेऊ ही?" ढिम्मीने विचारलं.

"घे. त्या खराब पट्टीचं काय करणार आहेस?"

काय केलं सांगू? घरी पुस्तक उघडून तिने मला वाचायच्या ओळीखाली आडवी ठेवली. खालची गर्दी झाकली गेली. आई मशीन थांबवून एक ओळ वाचते, मग पोरगी वाचते. अडखळते, चिडते, मला आपटतेही कधी कधी, तेवढं चालतं. काल अर्धं पान झालं. मी हलले नाही, ओळही हलली नाही.

उद्या पाचवीचा पहिला दिवस. मी दप्तरात आहे. पाचवीच्या बाई, तुमची माझी ओळख नाही, पण सांगून ठेवते. ही पोरगी पट्टी धरून हळूहळू वाचेल. पोरं हसतील, त्यांना गप्प करा. मला तिच्या हातातून काढून घेऊ नका. आणि टेबल बडवायचंच असेल, तर आपली पट्टी घरून आणा.