पडद्याआडचे तीन प्रश्न

साहेब, तुम्ही माझं अक्षर चोरलंत. ज्या कागदावर मी एका माणसाचं मन उतरवून घेतलं, तोच कागद तुम्ही त्याच्या गळ्याला लावलात. चौकशीच्या दिवशी खोलीतला एसी चालू आहे ना, पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात ना, हे बघायला तुम्ही जातीनं डोकावून गेलात. टेबलावरचा कागद कुठून आला, ते मात्र विचारलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं.

एचआरचे प्रीतम सर वाचत होते.

"'मी बटणात पाचर मारली. माझ्यामुळं लाइन अडीच तास बंद पडली. डाय रक्तानं खराब झाली.' खाली सही, तारीख, वेळ दहा वीस. सिस्टर, हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

समोर गणराज बसला होता, उजवा हात मांडीखाली दडवून. त्या हाताची दोन बोटं पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेली होती. मी "हो" म्हटल्यावर त्यानं मान डोलावली. मला धीर देत होता! परीक्षेत बरोबर उत्तर देणाऱ्या पोरीकडे बघावं तसा बघत होता.

तुम्हाला माझं नाव माहीत असायचं कारण नाही. मी स्वप्नाली. तुमच्या कारखान्यातल्या फर्स्ट-एड रूमची नर्स, नऊ वर्षं. चिखलीहून कंपनीची बस पकडून चाकणला येते. मशीनवर कापलेलं, भाजलेलं, डोळ्यात बुरा गेलेलं सगळं आधी माझ्याकडे येतं. पट्टी बांधायची, रजिस्टरला लिहायचं, मोठं असेल तर गाडीत घालून पाठवायचं. नर्सिंगला असताना आमच्या मेट्रननं एक गोष्ट हातावर पट्टी मारून शिकवली होती : जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. ते वाक्य माझ्या अंगात मुरलं. तिथंच माझा घात झाला.

मागच्या वर्षी तुम्ही जपानहून मियाके बाईंना आणलंत. पासष्टीच्या, चणीनं एवढ्याशा, बोलणं दुभाषी मुलीमार्फत. कंपनीत ताण वाढलाय, तर आपल्यातलेच सहा जण काउन्सेलर म्हणून तयार करायचे, अशी तुमची योजना. पद्धतीचं नाव नायकान. म्हणजे आपणच आपल्या आत पाहणं. सहा जणांत माझं नाव आलं तेव्हा मी घरी गोड केलं होतं. नऊ वर्षं कापूस-आयोडीन केल्यावर कुणीतरी मला मन सोपवणार होतं.

ट्रेनिंग हॉलच्या कोपऱ्यात घडीचा पडदा, आत एक चटई. दुसऱ्याला बसवायच्या आधी स्वतः सात दिवस बसायचं. सकाळी सहा ते रात्री आठ. बूट बाहेर काढायचे, तेही टोकं दाराकडे करून, जोडी नीट लावून. आत बसून एकाच माणसाबद्दल तीन प्रश्न. त्याच्याकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? माझ्यामुळं त्याला काय त्रास झाला? दर दीड तासानं मियाके बाई यायच्या, पडद्यापुढे गुडघे टेकून वाकायच्या आणि विचारायच्या, "या वेळात तुम्ही काय तपासलंत?" सांगायचं. त्या ऐकायच्या. सल्ला नाही, शाबासकी नाही. परत वाकायच्या आणि जायच्या.

झाडलोट करणाऱ्या सोजराबाईंनी पहिल्याच दिवशी पडद्यावरनं डोकावलं.

"काय गं सिस्टर, आत बाळंतीण बसवलीया व्हय?"

"आईचे उपकार आठवायचेत, आजी."

"मंग त्याला पडदा कशाला? आन् कंपनीचं बी आठवाय लावत्याल, बघ. आमच्याच रानात हुबी हाय, तरी आमीच उपकार आठवायचं!"

मी हसले होते.

आईचा नंबर पहिला. तीन वर्षं मी हॉस्टेलला होते. दर सोमवारी आई एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवायची. मी स्टँडवर जाऊन घ्यायची, बुधवारी रिकामा परत धाडायची. बसून बसून हिशेब लागला, सव्वाशे डबे तरी झाले असतील. मी तिला काय दिलं? रिकामा डबा. सव्वाशे वेळा. त्यात एकदाही चिठ्ठी टाकली नाही, की भाजी चांगली झाली होती. चौथ्या दिवशी मी पडद्याआड अशी रडले की सोजराबाई झाडू टाकून पाणी घेऊन आल्या.

म्हणून सांगते साहेब, पद्धतीला मी नावं ठेवणार नाही. तिनं मला माझी आई परत दिली.

शेवटच्या दिवशी मी मियाके बाईंना विचारलं, "चौथा प्रश्न का नाही? त्या माणसानं मला काय त्रास दिला, हा?"

दुभाषी मुलीनं सांगितलं, "मॅडम म्हणतात, तो प्रश्न माणूस न विचारताच दिवसभर घोकत असतो. त्याला पडदा लागत नाही."

मला पटलं. सासूबद्दल मी तो बारा वर्षं घोकत होते. पण दिवसभर काय, जन्मभर ज्याला हा प्रश्न शिवलेलाच नाही असा माणूस असतो, हे त्या बाईंना कुठून माहीत असणार? मला माहीत असायला हवं होतं. मी रोज त्यांनाच पट्ट्या बांधत होते.

आणखी एक नियम होता. शिकणाऱ्यानं समोरच्याचं बोलणं लिहायचं, गुरूला दाखवायचं आणि फाडायचं. मियाके बाई स्वतः कागदाचे चार तुकडे करायच्या. त्या जपानला परत गेल्या, पडदा-चटई माझ्या फर्स्ट-एड रूममध्ये आली आणि प्रीतम सर म्हणाले, "सिस्टर, फाडू नका. फाइलला लावा. सर्टिफिकेट द्यायचं तर काहीतरी रेकॉर्ड नको?" मी लावले. मला ते योग्यच वाटलं. जे लिहिलं नाही ते घडलंच नाही.

गणराज उदगीरकडचा. आई आणि तो, चिखलीतच माझ्या पुढच्या गल्लीत एका खोलीत. अपघातानंतर दीड महिन्यानं कामावर आला तेव्हा हाताला अजून पट्टी होती. प्रीतम सरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. "बसवा याला दोन दिवस. मन हलकं होईल. पहिला दिवस आईवर घ्या, दुसरा कंपनीवर."

"सर, कंपनीवर नसतं. माणसावर असतं."

"कंपनी म्हणजे माणसंच ना?"

मी चटई अंथरली. तीन जणांना बसवलं की सर्टिफिकेट मिळणार होतं आणि गणराज तिसरा होता. हे मी स्वतःच्या हातानं लिहितेय. हवं तर हाही कागद फाइलला लावा.

दुसऱ्या दिवशी, दहा वाजता, मी पडद्यापुढे गुडघे टेकले, वाकले.

"या वेळात तुम्ही काय तपासलंत?"

"कंपनीनं मला बूट दिले," गणराज म्हणाला. "थंडीचं जर्किन दिलं. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तवा दोन दिवस सुट्टी दिली. कॅन्टीनला पोटभर जेवाय मिळतंय. बोटं गेली तवा प्रीतम सर दवाखान्यात चार तास बसले."

"तुम्ही कंपनीला काय दिलं?"



"काय दिलं म्हणावं, सिस्टर? काम केलं. ते तर करावंच लागतंय."

दोन बोटं दिलीस की रे! शब्द माझ्या दातांपर्यंत आले. पण सुचवायचं नाही, हा नियम. मी नियम पाळला. कागदावर लिहिलं : काही नाही.

"तुमच्यामुळं कंपनीला काय त्रास झाला?"

इथं मात्र तो भडाभडा बोलला. आदल्या दिवशी आईवर बसून त्याचं काळीज आधीच मऊ झालं होतं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहू शकत नाही. त्यानं एका बटणात लाकडाची पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवलं होतं, म्हणजे एक हात माल सरकवायला मोकळा. लाइन बंद पडली. डाय, म्हणजे प्रेसचा साचा, धुवावी लागली. पोरांचा तासाला ठरलेल्या नगांचा आकडा बुडाला. "लई तरास झाला, सिस्टर, सगळ्यास्नी माझ्यापायी." मी ओळ न ओळ लिहिली. वेळ टाकली, दहा वीस. सही केली. वाकले. संपलं.

तो बाहेर आला, खाली बसून डाव्या हातानं बुटाची नाडी बांधायला लागला. सहज बोलल्यासारखा म्हणाला, "पाचर आमच्या लाइनच्या सुजित सरनीच दिलती. स्टोअरमधून कापून आणलत्या, हर मशीनला एक. आकडा निघंना मनून. पण ते तिसऱ्या प्रश्नात बसत न्हाई ना, सिस्टर?"

आणि मी, तुमची होऊ घातलेली काउन्सेलर, काय म्हणाले असेन?

"नाही. त्यात फक्त आपल्यामुळं झालेला त्रास."

"तेच मनलं मी," तो म्हणाला. नाडीची गाठ सुटली, त्यानं परत बांधली. माझं पेन खिशात गेलं होतं.

चौकशीच्या खोलीत मी हे सगळं सांगितलं, साहेब. "पाचर लाइनचे इन्चार्ज सुजित सरांनी दिली होती. यानं मला सांगितलंय. सगळ्या मशीनला होत्या." सुजित सर भिंतीवरच्या सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरकडे बघत राहिले.

चौकशी अधिकाऱ्यानं कागद उलटापालटा केला. "इथं तर तसं नाही."

"मी लिहिलं नाही. तो बाहेर आल्यावर बोलला."

प्रीतम सर हसले. वाईट हसले असंही म्हणवत नाही, ओळखीचं हसले. "सिस्टर, फर्स्ट-एडच्या ट्रेनिंगमध्ये तुम्हीच पोरांना सांगता ना? जे लिहिलं नाही..."

वाक्य त्यांनी मुद्दाम अर्धं सोडलं. पुरं मी मनात केलं.

"गणराज, तू सांग की! कुणी दिली पाचर?" मी ओरडलेच.

गणराज उभा राहिला. "दिली असंल कुणीबी, सर. मारली मी." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "सिस्टर, तसंच शिकवलं ना तुमी? दुसऱ्याचं न्हाई, आपलं बघायचं."

अधिकाऱ्यानं ते ताबडतोब लिहून घेतलं. हे बरं लगेच लिहिता येतं!

निष्काळजीपणा, सुरक्षा नियमांचा भंग, स्वतःची कबुली. गेल्या शुक्रवारी त्याला काढलं. सुजित सर आहेत तिथंच आहेत. त्याच शुक्रवारी माझं सर्टिफिकेट आलं, सोनेरी काठाचं, प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये.

जाताना ओळखपत्र, जर्किन, बूट जमा करायचे होते. स्टोअरला जेवणाची सुट्टी, म्हणून तो माझ्याकडे आला. खाली बसून तीन बोटांच्या हातानं नाडी सोडायला लागला. मी वाकले.

"ऱ्हाऊ द्या. सवय करावी लागंल."

"गणराज, माझं चुकलं रे."

"तुमचं काय चुकलं? त्या दिवशी पहिली पट्टी तुमीच बांधली. तुटलेली बोटं शोधून बर्फात ठिवली, रडत रडत. मी बघितलं की." मग दुसऱ्या बुटाला हात घालत म्हणाला, "तुमच्याकडून मला लई मिळालं, सिस्टर. मी काय दिलं न्हाई."

बूट काढून त्यानं ते माझ्या पडद्यापुढे ठेवले, जोडी नीट लावून, टोकं दाराकडे. मग घरची चप्पल पिशवीतून काढून पायात सरकवली आणि गेटपासला सही करायला गेला. डाव्या हातानं. अक्षर लहान पोरासारखं आलं होतं, असं गेटवरचा खंडू मला नंतर म्हणाला.

सोजराबाई झाडता झाडता बुटांपाशी थांबल्या. "उचलू का गं?"

"नको, आजी."

आज सोमवार. तुम्ही साडेनऊला येता. मी आणि सोजराबाईंनी सकाळीच पडदा उचलून तुमच्या केबिनच्या कोपऱ्यात लावलाय. चटई अंथरलीय. तो पडदा तुमच्याच मालकीचा आहे, तेव्हा चोरीचा आळ घेऊ नका. बाहेर गणराजचे बूट आहेत. त्यांच्या शेजारी तुमचे ठेवा, टोकं दाराकडे करून.

मियाके बाई बरोबर होत्या, साहेब. चौथा प्रश्न लागत नाही. तीनच पुरतात. फक्त पडद्याआड दुसरं माणूस बसावं लागतं.

गणराजकडून तुम्हाला काय मिळालं? तुम्ही त्याला काय दिलंत? तुमच्यामुळं त्याला काय त्रास झाला?

मी बाहेर खुर्ची टाकून बसलेय. सल्ला देणार नाही, वाद घालणार नाही. या वेळी पेन मात्र खिशात ठेवणार नाही. दीड तासानं आत येईन, वाकेन आणि विचारेन.

या वेळात तुम्ही काय तपासलंत?