एक पेला जास्त

माझ्या जिभेला हाड नाही, हे चर्चच्या साऱ्या मंडळीला ठाऊक आहे. पण तीस वर्षं प्रभुभोजनाचे पेले मीच धुते, मीच भरते, त्यामुळे तोंडावर कुणी बोलत नाही. द्राक्षरसाचे बोटाएवढे काचेचे पेले, माणशी एक. भरलेला पेला परत न्यायचा नाही, असा आमच्याकडे दंडक. म्हणून दाराआडून बाकाबाकाने डोकी मोजते आणि मगच भरते.

गेले अकरा महिने मी माझा पेला भरत नव्हते. शेवटच्या बाकावर बसायचं, म्हणजे पेल्यांचं तबक माझ्यापर्यंत रिकामंच येणार. कुणाला पत्ता नाही.

कारण सांगते. हे गेले त्या दुपारी मला म्हणाले, जरा प्रार्थना कर ना माझ्यासाठी. चार महिन्यांच्या आजारपणाने मी पिचून गेले होते. म्हटलं, तुमची तुम्ही करा, मला पाठ टेकू द्या. उठून बघते तर हे गार पडलेले. अशा बाईने प्रभूच्या मेजावरचं घ्यायचं? देवाची भीती वाटायची मला. आणि ते सांगायलाही घरात कुणी नव्हतं. भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

परवाच्या रविवारी तबक माझ्यापाशी आलं ते रिकामं नव्हतं. एक भरलेला पेला उरला होता. मोजताना आमच्या बाकाचे मी जुन्या सवयीने दोन धरले होते. त्यातला माझा वजा केला, आणि ह्यांचा भरला.

पाळक तबक धरून उभेच. वयाने माझ्या मुलासारखे.

"हा ह्यांचा आहे," मी पुटपुटले. "चुकून भरला."

"ते आता तिथल्या पंगतीला बसलेत, मावशी. हा तुमचा."

"त्यांनी मागितली तेव्हा मी प्रार्थना केली नाही. मला देवाची भीती वाटते."

पाळक जरा वाकले. "मलाही वाटते. दर वेळी वाटते. म्हणून तर तबक दोन्ही हातांनी धरतो. घ्या."

मी प्याले. भीती तशीच होती, पण ज्याची भीती वाटत होती तोच शेजारी येऊन बसलाय असं वाटलं. मग मात्र भर उपासनेत मी हमसून हमसून रडले, आणि पाळक रिकामं तबक घेऊन तिथेच उभे राहिले.