बारशाच्या दिवशी दुमडलेली नळी

मित्रांनो, मी लघवीची नळी आहे. नाव ऐकून हसू नका, नाकही मुरडू नका. तुमच्या आईला कधी माझी गरज पडली असेल, तर तिने ते तुम्हाला सांगितलं नसेल, इतकंच.

रबराच्या झाडाच्या चिकापासून मी घडले. माझ्या एका टोकाशी इवलासा फुगा असतो. मूत्राशयात गेल्यावर तो पाण्याने फुगवतात, म्हणजे मी निसटत नाही. दुसऱ्या टोकाला पिशवी. मूत्राशय रिकामं ठेवायचं, एवढंच माझं काम.

कापूस मातीमोल झाला होता त्या वर्षी. वेचणीला मजूर लावणं परवडेना, म्हणून दारव्ह्याजवळच्या एका गावातली कोकिळा नावाची सून दिवस भरत आले तरी वावरात जायची. कळा तिथेच सुरू झाल्या. मूल अडलं. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मुलगी वाचली, पण तिच्या डोक्याच्या दाबाने कोकिळेच्या मूत्राशयाला छिद्र पडलं. कपडे सारखे ओले होऊ लागले.

शीला सिस्टरने मला अलगद आत बसवलं आणि सासूला, सत्यभामाबाईंना, बजावलं, "छिद्र लहान आहे. मूत्राशय रिकामं राहिलं तर भरून येईल. घरी गेल्यावरही नळी सरळ ठेवा, पिशवी खाटेखाली टांगा. नाहीतर कोकिळा जन्मभर अशीच ओली राहील."

सत्यभामाबाईंनी सारं ऐकलं. घरी आल्यावर पिशवी त्या स्वतः रिकामी करत. कोकिळेचं अंथरूण कोरडं राहू लागलं. "लय गुणाची हाय हे नळी," म्हातारी म्हणे. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मग बारसं आलं.

"साऱ्या बाया येऊन राह्यल्या अन् समोर मुताची पिशवी?" सत्यभामाबाई पुटपुटल्या. "म्हनतीन, सून कामातून गेली." त्यांनी पिशवी उचलून गोधडीखाली सारली. नव्या चादरीवर काही सांडू नये म्हणून मला दुमडलं आणि चिंधीने बांधलं.

बायका आल्या. घुगऱ्या वाटल्या गेल्या. एकीने टोमणा मारला, "काय वं कोकिळे, उठाचं नावच नाही! पोरगी झाली तं महारानी झाली काय?"

सगळ्या हसल्या. कोकिळाही हसली, तिच्या कपाळावर घाम होता. सासू जवळ आली तेव्हा ती कुजबुजली, "आई, पोट फुटून राह्यलं माहं."

"झालंच माय. नाव ठेवू दे, मंग सोडतो."

दुमडीच्या अलीकडे मी तट्ट फुगले होते. पुढे वाट नव्हती. पाळण्याचं गाणं चालू असताना एकदम ताण गेला. कोकिळेने सुस्कारा सोडला. तिला वाटलं, मोकळं झालं. पण माझ्यातून तर थेंबही पुढे गेला नव्हता. गोधडी भिजत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भरत आलेलं फाटलं. छिद्र मोठं झालंय. आता नळीने भागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल, तेही काही महिन्यांनी. तोवर असंच."

"दुसरी टाका ना बाई," सत्यभामाबाईंनी सिस्टरचा हात धरला. "आता नाही झाकत मी. दारात टांगतो. येऊ द्या कोनाले पाहाले."

सिस्टरने हात अलगद सोडवून घेतला. फुग्यातलं पाणी काढून त्यांनी मला ओढून घेतलं.

मित्रांनो, आता मी कचऱ्याच्या पिशवीत आहे. उद्या नसेन. तुमच्या घरी कोणाला माझ्यासारखी नळी लागली, तर पाहुणे आल्यावर तिच्याकडे मुद्दाम बघा. दुमडलेली दिसली तर सरळ करा. मोठी माणसं डोळे वटारतील. वटारू द्या.