अर्ध्या एकराची नागली

चिमणाबाईंनी भाकरीला हात लावला नव्हता. त्यांच्या पत्रावळीपाशी सुरू झालेली शांतता पंगतीच्या दोन्ही बाजूंना सरकत गेली. नागलीची, म्हणजे नाचणीची काळसर भाकरी, उडदाची आमटी, लसणाची चटणी, सगळं वाढून झालं होतं. आणि त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शेजारणीने तोंडाशी नेलेला घास पुन्हा पानात ठेवला. कुणीतरी पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला.

"मावशी, गार होतंय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

दिंडोरीजवळचं आमचं शिवार म्हणजे सगळी द्राक्षबाग. वीस वर्षं इथला माल कंटेनरमध्ये चढून परदेशी गेला. गावाने पाहिली ती तारेची जाळी, आणि जाळीआडचा कुत्रा. नाशिकहून शिक्षण संपवून परतले तेव्हापासून ती जाळी मला रुतत होती. इतक्या वर्षांत आपण या गावात राहिलो की गावाशेजारी, हा प्रश्न संध्याकाळी बागेच्या ओळींतून माझ्याबरोबर चालायचा. म्हणून जुनी बाग काढलेल्या अर्ध्या एकरात पप्पांनी पुन्हा वेली लावू नयेत, असा मी हट्ट धरला. तिथे गावासाठी धान्य पिकवायचं, महिन्यातून एका रविवारी गावाने इथे जेवायला यायचं, आणि या पंगतीची चूल चिमणाबाईंनी सांभाळायची. मजूर म्हणून नव्हे, धनीण म्हणून.

बी त्यांचंच होतं. दरवर्षी सुरगाण्याहून त्या आपली मजुरांची टोळी घेऊन आमच्या बागेत कामाला येतात. यंदा मे महिन्यात त्यांनी जीपवाल्याच्या हाती नागलीचं बियाणं पाठवलं आणि फोनवर एकच अट घातली. "नवं केल्याबिगर कुणी तोंडात घालायचं नाय. म्या येते, मग दोघी करू." नवं म्हणजे नव्या धान्याचा पहिला घास कणसरीमातेला, धान्याच्या देवीला. मी हो म्हणाले होते.

टोळी शुक्रवारी यायची होती. अवकाळी पावसाने त्यांच्या घरचा भात भिजला, मुक्काम लांबला, फोनला रेंज नव्हती. रविवारचं आमंत्रण घरोघर गेलेलं. द्राक्षाच्या घरात वाढलेल्या माणसाला एकच धर्म ठाऊक असतो: छाटणी ठरल्या दिवशी, फवारणी ठरल्या दिवशी, तोडणी ठरल्या दिवशी. चुकलेली तारीख वेल माफ करत नाही. शनिवारी सकाळी मी नागली गिरणीत पाठवली.

आणि आज, पंगत अर्धी जेवलेली असताना, जीप फाटकाशी थांबली. मी धावत गेले, चिमणाबाईंचा हात धरून त्यांना मानाच्या जागी आणून बसवलं. त्यांनी विचारलं होतं, "कसली पंगत?" मी हसून म्हटलं होतं, "बघा तर!"

आता त्या बघत होत्या.

गावातल्या पुंजाआबांना शांतता सोसवेना. "संतोषराव," त्यांनी माझ्या वडिलांना हाक मारली, "तुमच्या बागेत कुत्रं मागं न लागता पहिल्यांदा आलो बघा!" चारदोन माणसं हसली. हसू लगेच विरलं.

"नवं कवा केलं?" चिमणाबाईंनी मला विचारलं.

मी हातातली भाकरीची टोपली खाली ठेवली. "केलं नाही, मावशी. तुमचा फोन लागेना. माणसं बोलावलेली होती."

"अहो, त्यात काय एवढं?" पप्पा मध्येच म्हणाले. "नारळ आणतो, आत्ता करू पूजा. देवी काय घड्याळ लावून बसलीय?"

"दादा, देवी नाय बसली. म्या बसले व्हते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "घरचं नवं झालं. पर हितलं ऱ्हायलंय म्हणून दोन रातींपास्नं जीपवाल्याच्या मागं लागले. बी माझं, भुई तुमची. दोघींनी करायचं व्हतं."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. ही अट मी त्यांना कधी सांगितलीच नव्हती. मला ती एक गोड गोष्ट वाटली होती; जपून ठेवावी, एखाद्या ओळीसारखी मनात आळवावी, अशी. ती पाळायची असते हे मला शनिवारी सकाळीही आठवत होतं. आठवूनही मी पोतं उचलायला सांगितलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "तारीख पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही."

त्यांनी पत्रावळीवर दुसरी पत्रावळ झाकली, जपून, अन्नाचा अपमान होऊ नये अशी. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. फाटकाशी टोळीतल्या बायका गाठोडी उतरवायची की नाही या विचारात उभ्या होत्या. त्या सगळ्यांच्या नजरा चिमणाबाईंवर. इकडे सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. ज्या गावासाठी हे मांडलं, त्याच्यासमोर मी उभी होते आणि मला फक्त एका माणसाचं उत्तर हवं होतं.

"मावशी, ही चूल तुमच्याशिवाय माझी नाही. पुढल्या रविवारी याल? नाहीतर मी इथेच थांबवते सगळं."

चिमणाबाईंनी पदर खांद्यावर सारखा केला, पायांत चपला सरकवल्या, आणि पंगतीच्या कडेकडेने, कुणाच्या पानाला पाय लागणार नाही अशा बेताने, त्या फाटकाकडे चालू लागल्या.